तुम्ही विचारलंत म्हणून: आईची पैठणी

नौपाड्यातल्या माझ्या गाळ्यावर ब्लाऊजचं माप द्यायला आलेली बाईसुद्धा शेवटी तिथेच येते. "आईची लग्नातली पैठणी कापलीत म्हणे? हात कसा धजला?"

धजला. 'घडीवर विरली होती हो,' असं मी बरीच वर्षं सांगत आले. एकच घडी विरली होती. रफू झाली असती. आई म्हणाली होती, "तुझीच आहे ती." तिच्या डोळ्यांसमोर माझं लग्न होतं. मी कात्री काढली.

तेव्हा कुणी बोललं की मी ब्रिटिश फॅशन डिझायनर व्हिविअन वेस्टवुडला पुढे करायचे. मूळची प्राथमिक शाळेतली बाई. लंडनमध्ये ४३०, किंग्ज रोडच्या दुकानात फाटके टीशर्ट आणि सेफ्टी पिनांची फॅशन केली. १९९२ मध्ये राजवाड्यात सन्मान घ्यायला गेली ती स्कर्टच्या आत काही न घालता. पण टीशर्ट कुणाच्या आईचे नव्हते. शिवाय १९८१ च्या 'पायरेट्स' या कलेक्शनसाठी तिने जुन्या काळचे कपडे कसे बेतायचे ते अभ्यासलं होतं. मी नुसत्या पिना उचलल्या.

माझ्या फॅशन शोच्या रात्री पैठणीचे काठ उभे चिरून जॅकेटला लावले होते, बाह्या पिनांवर. हातमागाच्या पैठणीला उलटसुलट नसतं, जॅकेटला असतं. म्हणून पदराचे मोर मुद्दाम आत, अस्तराला. मामी मधेच उठून गेली. आई बसून राहिली. घरी आल्यावर तिने जॅकेट टेबलावर पसरलं, चष्मा लावला आणि काठावर विणलेल्या मुनिया पक्ष्यांवरून बोट फिरवत गेली. मी भांडायच्या तयारीत. उत्तरं पाठ होती. मग तिने आत हात घातला. मोर सापडले.

"हे अंगाला लागणार?"

"हो."

"जरतार टोचेल गं."

दुसऱ्या दिवशी गाळ्यावरून परतले तर मोरांवर मलमल चढलेली. मशीन नाही, हाताचे बारीक टाके.

रागावली होती का? विचारलं की म्हणते, "झालं ते झालं, पानं घे." पुन्हा कापेन का? जॅकेट झकास झालं होतं, खोटं कशाला बोलू. कधी वाटतं कापेन, कधी त्या रफूचीच आठवण येते.

मागच्या दिवाळीत एकीने चांगली किंमत सांगितली. फक्त मलमल उसवून मोर दाखवा, म्हणाली. मी जॅकेट परत कपाटात ठेवलं.