आरएक्स १०० अपडेट: इंजिन कव्हरचे स्क्रू निघाले, इंजिनची केसही शाबूत

तर मंडळी, माझ्या जुन्या यामाहा आरएक्स १०० मोटरसायकलचं काम थोडं पुढं सरकलंय. इंजिनची दोन्ही कव्हरं उघडली, क्लच बघितला, मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज बनवणारा भाग) बघितला, पण त्यावर नंतर लिहितो कारण या वेळचं खरं काम स्क्रूचंच होतं. ज्यांच्याकडं आरएक्स आहे त्यांना माहितीये, उजव्या कव्हरचे ते स्टार स्क्रू, म्हणजे फुलीच्या खाचेचे, निम्म्यांची डोकी वाटीसारखी गोल झालेली, एकदोन जागी छिन्नीचे घाव, एका ठिकाणी भलत्याच लांबीचा बोल्ट घुसवलेला. पस्तीसेक वर्षांची गाडी म्हणजे किती मिस्त्रींचे हात लागले असतील देव जाणे.

सगळ्यात आधी एक गोष्ट, जी मला वाटतं आपल्याकडं दहातल्या नऊ जणांना कुणी सांगतच नाही. हे स्क्रू फिलिप्स, म्हणजे आपले नेहमीचे फुलीचे, नाहीत. दिसायला तसेच दिसतात, फुली तीच, पण जपानी गाड्यांचे हे स्क्रू जेआयएस म्हणजे जपानी स्टँडर्डचे असतात, आणि आरएक्सचं डिझाइन यामाहाचंच, १९८५ ला एस्कॉर्ट्सने इथं आणली तरी स्क्रू जपानी पद्धतीचेच राहिले. फिलिप्सचं पेटंट अमेरिकेतलं, १९३६ चं, आणि त्या ड्रायव्हरच्या चार पात्यांच्या मुळाशी जी गोलाई असते ती जेआयएसच्या खाचेपेक्षा जास्त असते, त्यामुळं होतं काय की फिलिप्स ड्रायव्हर तळापर्यंत बसतच नाही, वरच्या वर तरंगतो, आणि जोर लावला की उसळून बाहेर येतो आणि येताना खाचेच्या कडा खरवडून आणतो. एकदा खरवडलं की पुढच्या वेळी अजून वर तरंगणार. काही स्क्रूंच्या डोक्यावर बारीक एक ठिपका असतो, तो असेल तर डोळे झाकून जेआयएस समजा, पण ठिपका नाही म्हणजे जेआयएस नाही असं मात्र नाही.

दुसरी गोष्ट साइजची. कव्हरचे स्क्रू एम६, म्हणजे ६ मिलिमीटर व्यासाचे आहेत, त्यांना ३ नंबरचा ड्रायव्हर लागतो. घरोघरी असतो तो २ नंबर, एम५ पर्यंतचा. तो या खाचेत जातो, फिरतोय असं वाटतं, आणि तिथंच घोळ होतो कारण तो फक्त खाचेच्या मधल्या भागाला धरतो. कार्बोरेटरच्या फ्लोट बाउलचे बारके स्क्रू आणि कव्हरचे हे जाड स्क्रू एकाच ड्रायव्हरने खोलणारा माणूस दिसला की गाडी घेऊन दुसऱ्या गल्लीत जावं. जेआयएसचे बिट, म्हणजे ड्रायव्हरची सुटी टोकं, आता ऑनलाइन सहज मिळतात, व्हेसल या जपानी कंपनीचे बरेच जण वापरतात. तेही नको असेल तर चांगल्या पोलादाचा फिलिप्स ३ नंबर घ्या आणि त्याचं टोक ग्राइंडरवर अगदी किंचित, अर्धा मिलिमीटरच्या आसपास, सपाट करा, तापून निळा पडू देऊ नका, पाण्यात बुडवत बुडवत घासा. मग तो बऱ्यापैकी खाली बसतो. जुगाड आहे पण चालतो.

आता स्क्रू अडकतात का. गंज म्हणतो आपण, पण खरी गोष्ट थोडी वेगळी आहे. स्क्रू स्टीलचा, केस म्हणजे इंजिनचं बाहेरचं अंग ॲल्युमिनियमचं, मधे पावसाचं पाणी किंवा गाडी धुतल्याचं पाणी गेलं की दोन धातूंमधे बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. जी पांढरी भुकटी दिसते ना आट्यांत, ती तीच, आणि ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा खाते म्हणून आटे घट्ट आवळले जातात. कोकणातल्या, समुद्राजवळच्या गाड्यांना हा त्रास जास्त, खारी हवा. आमच्या कोल्हापूरचा पाऊसही काही कमी नाही म्हणा.

त्यामुळं माझी पद्धत सांगतो. पिळायच्या आधी ठोकायचं. खरंच, फिरवायची घाई करायचीच नाही. पहिल्यांदा खाच साफ, म्हणजे टोकदार सुईने किंवा पोकरने त्यातला रंग, माती, जुनं सिलिकॉन सगळं उकरून काढायचं, अगदी तळापर्यंत, कारण तळात एक मिलिमीटर घाण असली तरी बिट तेवढा वर राहतो. मग सपाट पंच स्क्रूच्या डोक्यावर ठेवून हातोडीचे दोनचार सरळ ठोके. याने आट्यांतली ती भुकटी तडकते, आणि डोक्याखालची पकड थोडी सैल होते. मग पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे बारीक फटीत शिरणारं पातळ तेल, रात्रभर. डब्ल्यूडी-४० सगळ्यांकडं असतं, त्याचं नावच वॉटर डिस्प्लेसमेंट, म्हणजे मुळात पाणी हटवायला १९५३ मधे बनवलेलं, चालतं, पण अडकलेल्या स्क्रूसाठी खास मिळणारं पेनिट्रेटिंग ऑइल जास्त बरं. काही जण ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गियरचं ऑइल निम्मं निम्मं मिसळून वापरतात, ते दोन नीट मिसळत नाहीत म्हणून प्रत्येक वेळी हलवावं लागतं आणि ॲसिटोन रंग खातं हे ध्यानात ठेवा, टाकीवर एक थेंब सांडला तर संपलं.

डोकं आधीच अर्धं गोल झालं असेल तर एक युक्ती आहे जी जुने फिटर करतात, बॉल पिन हातोडीने डोक्यावर हळूहळू ठोकून पसरलेला धातू परत खाचेत ढकलायचा, खाच जवळजवळ बुजली तरी हरकत नाही, मग त्यात बरोबर साइजचा बिट ठेवून हातोडीने आत ठोकायचा. बिट स्वतःची नवी खाच पाडतो. वर व्हॉल्व्ह घासायची पेस्ट, कारबोरंडमची, स्पेअरच्या दुकानात डबी मिळते, ती चिमूटभर खाचेत टाकली की तिचे कण बिटला पकडून धरतात. रबर बँड ठेवायचा सल्ला सगळीकडं दिसतो, लॅपटॉपच्या बारक्या स्क्रूला ठीक आहे ओ, पण एम६ च्या कव्हर स्क्रूला रबर बँड म्हणजे नुसतं समाधान.

आणि मग इम्पॅक्ट ड्रायव्हर. मशीनवाला नाही, हातोडीने मारायचा तो, जाड लोखंडी दांडा, मारलं की थोडासा फिरतो. आतली रचना अशी की वरून घाव बसला की तो बिटला खाली दाबतो आणि त्याच क्षणी पिळतोही, म्हणजे उसळून बाहेर यायला जागाच नाही. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला असली हत्यारं मिळतात. मारायच्या आधी दिशा तपासा, उलटी सेट असली तर स्क्रू अजून आवळला जातो. हाताने स्क्रू सुटायच्या बाजूला थोडा ताण देऊन धरा आणि मोठ्या हातोडीने एक घसघशीत घाव, दहा हलके टकटक नकोत, हलक्या टकटकीने खाच खराब होते आणि स्क्रू हलत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, इंजिन फ्रेममधे असतानाच स्क्रू सैल करून घ्या. टेबलावर उतरवलेलं इंजिन घाव बसला की उडतं, सगळा जोर तिथंच वाया. फ्रेममधे ते पक्कं असतं. मी ड्रेन बोल्ट काढून गियर ऑइल खाली घेतलं, कव्हरचा प्रत्येक स्क्रू जागेवरच पाव फेरा सैल केला आणि मगच पुढचं. बहुतेक सगळे इथंच निघाले.

जे नाही निघाले त्यांना उष्णता. ॲल्युमिनियम गरम झालं की स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणजे भोक स्क्रूपेक्षा जास्त मोठं होतं. फरक किती म्हणाल तर ६ मिलिमीटरच्या भोकाला १०० अंशांच्या वाढीत मिलिमीटरचा दीडशेवा भाग, ऐकायला काहीच नाही पण ती भुकटीची पकड सुटायला तेवढं पुष्कळ होतं. हॉट एअर गन वापरा, गॅसची ज्योत नको. टाकी आणि कार्बोरेटर काढून लांब ठेवा, पेट्रोलचा वास येत असेल तर काम सुरूच करू नका. आणि स्क्रू नव्हे, त्याच्या आजूबाजूची केस तापवायची. पाण्याचा थेंब टाकला की चर्र व्हायला लागला की थांबायचं, त्याच्या पुढं गेलात तर आतल्या ऑइल सीलचं रबर जाईल. गरम असतानाच डोक्याच्या कडेला मेणबत्ती टेकवा, वितळलेलं मेण आपोआप आट्यांत ओढलं जातं.

आता ते दोन स्क्रू जे कशालाच बधले नाहीत. इथं माझं मत जरा वेगळं आहे आणि काही जणांना पटणार नाही. लोक इथं लगेच इझी आउट काढतात, म्हणजे स्क्रूत भोक पाडून त्यात उलटा पिळायचा आटेदार तुकडा. मी म्हणतो नको. इझी आउट कडक पोलादाचा असतो, ठिसूळ, जिथं अखंड स्क्रू पिळून निघाला नाही तिथं त्यातल्या भोकात बसणारा त्याहून बारका तुकडा काय पिळणार, आणि तो आत मोडला की साधं ड्रिल त्याला चरत नाही, मग कार्बाइडचं ड्रिल आणा नाहीतर स्पार्क इरोजनवाल्याकडं, म्हणजे विजेच्या ठिणगीने धातू कोरणाऱ्याकडं, जा. त्यापेक्षा सरळ डोकं उडवा. ऐकायला भयानक वाटतं पण सगळ्यात सुरक्षित काम तेच आहे. कारण बघा, कव्हरच्या स्क्रूला धरून ठेवणारा मोठा जोर असतो तो ताणाचा, डोकं कव्हरवर दाबलेलं आणि आटे केसमधे ओढलेले. डोकं गेलं की ताण गेला. फुलीचा मध्य आपोआप ड्रिलला जागा देतो, आधी ३ मिलिमीटरचं, मग ६ चं, कमी वेग, तेलाचे थेंब, आणि डोकं ड्रिलच्या बिटवर अंगठीसारखं फिरायला लागलं की बंद. कव्हर ओढलं की निघतं, मागं स्क्रूचा खुंट उभा. त्याला ग्रिप प्लायरने धरा, माझे दोन्ही असे सहज फिरले की आधी एवढं का झगडत होतो असं वाटावं. वर, कव्हर आणि गॅस्केट (मधलं पॅकिंग) जागेवरच असताना ड्रिल मारल्यामुळं चुरा इंजिनात जात नाही, फक्त कव्हर काढायच्या आधी ब्रशने आणि चुंबकाने साफ करून घ्या. डावीकडं फिरणारं ड्रिल मिळालं तर अजून छान, कधीकधी भोक पाडतानाच स्क्रू स्वतः निघून येतो, पण ते इथं शोधावं लागतं.

एका भोकाचे आटे मात्र आधीच मेलेले निघाले, तोच तो भलता बोल्ट. तिथं कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओळखीच्या लेथवाल्या काकांकडून हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची गुंडाळी, टाकून घेतली, साडेसहा नाही, सव्वासहाच्या आसपास ड्रिल लागतं आणि तिचा आटे पाडायचा वेगळा टॅप येतो. काका म्हणाले, "पोरा, ॲल्युमिनियममधे मूळ आट्यापेक्षा ही मजबूत." बरोबरच आहे त्यांचं, स्टीलची गुंडाळी आहे ती.

काढताना एक करा, जाड पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी खोचून ठेवा. लांबी वेगवेगळी असते, लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तळाला लागून केस फुटते, आखूड लांब भोकात गेला तर दोनचार आटेच धरतो आणि पुढच्या वेळी ते पण जातात.

परत बसवताना स्टेनलेसचे ॲलन बोल्ट (षटकोनी खाचेचे) टाकायचा मोह सगळ्यांना होतो, किट मिळतात, दिसतातही भारी. पण दोन गोष्टी. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमची जोडी झिंक चढवलेल्या स्टीलपेक्षा जास्त वाईट, त्यामुळं आटे जाम होऊ न देणारं अँटी-सीझ ग्रीस लावल्याशिवाय बसवायचेच नाहीत. आणि ॲलन की हातात आली की आपला हात थांबत नाही, स्टार स्क्रू निदान बिट उसळून सांगतो तरी, ॲलन बोल्ट गुपचूप आटे उपटतो. एम६ ला ॲल्युमिनियममधे आवळायला ८ ते १० न्यूटन मीटरचा पीळ बास झाला, अँटी-सीझ लावलं असेल तर खालचाच आकडा धरा. मी उजव्या बाजूला नवे स्टार स्क्रूच टाकलेत, मूळ दिसावी म्हणून, डाव्या बाजूला ॲलन. दोन्ही बाजू कोपऱ्यातून कोपऱ्यात, थोडं थोडं करत आवळल्या.

पुढचं काम सायलेन्सरचा बेंड बॅरलला, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या भागाला लागतो तिथलं, ती जागा शेकडो वेळा तापून गार झालेली, तिथं ठोकाठोकी कमी आणि तेल जास्त. आठवडाभर रोज संध्याकाळी तेल सोडतोय. बॅरल उतरलं की बोअरचं (आतल्या भोकाचं) माप घेऊन पिस्टन ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठा, कितीचा लागतो ते टाकतो इथं.