धुक्यातलं 'उद्या'

एका फिल्म क्लबसाठी मी मराठी सबटायटल्स करून देते. त्या रविवारी ऑर्सन वेल्सचा 1948 चा 'मॅकबेथ' होता. शेक्सपियरच्या नाटकावरचा, दिग्दर्शक वेल्स आणि मॅकबेथही वेल्सच. वेस्टर्नपट काढणाऱ्या रिपब्लिक पिक्चर्सकडे, 23 दिवसांत उरकलेला. महिनाभर फ्रेम थांबवून थांबवून बघितल्यामुळे त्यातली सगळी काटकसर मला पाठ झाली होती. गुहेसारखा किल्ला कागदाच्या लगद्याचा, भिंतींवरून पाणी ओघळतंय, आणि मॅकबेथच्या डोक्यावर चौकोनी मुकुट. आपल्या पोशाखात आपण स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो, असं वेल्स स्वतःच म्हणाला होता. तरी त्या ओल्या भिंतींनी मला रात्री दोनदा दचकवलंय.

खेळाला अर्धा तास उरला असताना क्लबच्या मुलानं प्रत लावली. चेटकिणी बोलायला लागल्या आणि माझ्या पोटात गोळा आला. स्कॉटिश हेल कुठंय? वेल्सनं नटांना तो मुद्दाम काढायला लावला होता. ओरड झाल्यावर कंपनीनं बरेच संवाद पुन्हा भरून घेतले, वीसेक मिनिटं कापली आणि 1950 मध्ये सिनेमा पुन्हा लावला. आमच्याकडे आली होती ती ही कापलेली प्रत. माझी सबटायटल्सची फाइल न कापलेल्या, 107 मिनिटांच्या प्रतीची.

दुसरी प्रत मिळणं शक्य नव्हतं. म्हटलं, ओळी हातानं सोडते. लॅपटॉप मांडीवर घेऊन शेवटच्या रांगेत बसले. एक ओळ, एक बटण. कापलेला भाग आला की धडाधड दहा ओळी पुढे. त्यात वेल्सनं घुसडलेला तो धर्मगुरू! मूळ नाटकात हे पात्रच नाही, इतरांची वाक्यं उचलून त्याच्या तोंडी दिलीत. तो दिसला की मला घाम फुटायचा.

तासाभरात हात बसला. ओठ हलले की बटण.

मग राणी गेल्याची बातमी आली आणि पडद्यावर नुसतं धुकं. 'उद्या, आणि उद्या, आणि उद्या' हे स्वगत वेल्स त्या धुक्यावरच ऐकवतो. चेहरा नाही, ओठ नाहीत. बोट बटणावर तसंच राहिलं.

माझ्या डावीकडे एक काका बसले होते. त्यांचे ओठ हलताना दिसले. स्वगत त्यांना पाठ होतं, वेल्सच्या अर्धा श्वास पुढे पुटपुटत होते. पडद्याकडे न बघता मी त्यांच्या तोंडाकडे बघत बटण दाबत गेले.

दिवे लागल्यावर काका माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, सारखं काय बघत होतात?"