बुटुर डोगरांदीचे दोन सीओ

१६ सप्टेंबर

सकाळपासून डोक्यात एका गावाचं नाव घोळतंय. बुटुर डोगरांदी. पाकिस्तानात, सियालकोटच्या बाजूला, चाविंडाच्या जवळ. मी ते पाहिलेलं नाही, पाहायला मिळेल असंही वाटत नाही. १९६५ साली आजच्या तारखेला तिथे आपले दोन कमांडिंग ऑफिसर (सीओ) पडले, दोघेही लेफ्टनंट कर्नल. एकाकडे रणगाड्यांची रेजिमेंट, दुसऱ्याकडे पायदळाची पलटण.

पहिले अर्देशीर बुर्झोरजी तारापोर. परमवीर चक्र मिळवणाऱ्यांत हुद्द्याने सर्वांत वरचे. जन्म मुंबईचा, १९२३ सालचा, शाळा पुण्यात. घराण्यात असं सांगतात की रतनजीबा नावाचा पूर्वज शिवाजी महाराजांच्या चाकरीत होता आणि त्याला शंभर गावं इनाम मिळाली, त्यातलं मुख्य तारापूर. आज तारापूर म्हटलं की आपल्याला फक्त अणुवीज केंद्र आठवतं, ते सोडा.

सुरुवात झाली निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या फौजेत, तीही पायदळात. त्यांना हवं होतं घोडदळ. एकदा सरावात एका रिक्रुटाने पिन काढलेला हातबॉम्ब नीट फेकला नाही. तारापोर धावले, उचलून लांब भिरकावला. तो हवेत फुटला आणि तुकडे यांच्या छातीत शिरले. फौजेचे प्रमुख एल एद्रूस यांनी बोलावून शाबासकी दिली, तेव्हा या पठ्ठ्याने मागितलं काय, तर बदली! संस्थान विलीन झाल्यावर ते पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये आले. ही रेजिमेंट १८१७ सालची. इंग्रजांनी ती उभी केली ती पेशव्यांच्या पैशावर, हा इतिहासाचा एक चावटपणाच.

११ सप्टेंबरला फिलोरावर चढाई झाली. वझीरअलीकडून पाकिस्तानी चिलखती दळ अचानक अंगावर आलं. तारापोर तेव्हा रेजिमेंटच्या अगदी पुढे होते. जखमी झाले, मागे जायला नकार दिला. १४ तारखेला वझीरअली घेतलं, १६ला जस्सोरां आणि बुटुर डोगरांदी. त्यांच्या रणगाड्यावर अनेकदा गोळे बसले. त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्यातून नीट पाहायचं तर वरचं झाकण उघडून डोकं बाहेर काढूनच उभं राहावं लागतं. आत बसून काचेतून जेवढं दिसतं, त्यावर रेजिमेंट हाकता येत नाही. म्हणजे साहेबाचं डोकं सगळ्यांना दिसणार, शत्रूलाही. सन्मानपत्राप्रमाणे पूना हॉर्सने सुमारे ६० रणगाडे फोडले आणि स्वतःचे ९ गमावले.

पण मला या आकड्यांपेक्षा त्यांची निरवानिरव जास्त लागते. लढाईआधी त्यांनी आपल्या रेजिमेंटमधल्या मेजर चीमांना सांगून ठेवलं होतं: मी पडलो तर मला रणभूमीवरच अग्नी द्या. प्रार्थनेचं पुस्तक आईला, सोनसाखळी पत्नीला, अंगठी मुलीला, फाउंटन पेन मुलाला. पारशी माणसाने अग्नी मागावा ही साधी गोष्ट नाही. त्यांच्या रीतीत अग्नी इतका पवित्र की त्यात देह टाकत नाहीत. त्यांनी तो मागितला, आणि तिथेच दिला गेला.

दुसरे लेफ्टनंट कर्नल झिराड, ८ गढवाल रायफल्सचे सीओ. त्याच गावाच्या लढाईत तेही गेले. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू; शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत, तो समाज. आडनाव गावावरून, आणि झिराड आहे अलिबाग तालुक्यात. तारापूर आणि झिराड, एकाच किनाऱ्यावरची दोन गावं, आणि त्यांची नावं लावणारे दोन साहेब एकाच दिवशी पंजाबातल्या एका खेड्यापाशी संपले. झिराड पडल्यावर पलटणीची सूत्रं मेजर अब्दुल रफी खान यांनी घेतली. दुसऱ्याच दिवशी तेही गेले. त्यांना वीर चक्र मिळालं.

या मोहिमेत जे घ्यायचं होतं, ते चाविंडा मात्र पडलं नाही. २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली. शौर्यकथा सांगताना हा भाग बहुतेक जण गिळून टाकतात. मला तो गिळायची गरज वाटत नाही. मोहीम फसली म्हणून पुढे उभा राहिलेला माणूस लहान होत नाही.

सीओने पुढे असावं का, यावर फौजेतच वाद घालणारे भेटतात. मेला तर पलटण पोरकी होते, हे खरंच आहे. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक २०१५च्या नोव्हेंबरात कुपवाडाच्या जंगलात गेले, तेही ४१ राष्ट्रीय रायफल्सचे सीओच होते. तेव्हाही हा प्रश्न निघाला होता आमच्याकडे चहावर. मी काही बोलले नाही. सुरक्षित खोलीत बसून या प्रश्नाचं उत्तर देणं मला आजही जमत नाही.

तारापोरांच्या नावाने २०२३पासून अंदमानात एक बेट आहे. झिराडांबद्दल वाचायला गेलं की दोन-चार ओळींतच थांबावं लागतं. त्यांच्या पलटणीतल्या कोणी त्यांच्यावर सविस्तर लिहिलं असेल तर ते शोधायचंय. गढवालीत असलं तरी चालेल, वाचून घेईन कोणाकडून तरी.