बाई आणि पहिली रांग

अमृतमहोत्सवाचं पत्र आलं. 'शाळेविषयी चार शब्द लिहा' म्हणालात. शाळेविषयी लिहायला बाकीचे पुष्कळ आहेत, मी बाईंविषयी लिहिणार. नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि ज्यांनी पाचवी ब मध्ये त्यांची पट्टी खाल्ली त्यांना नावाची गरज नाही.

बाई ख्रिस्ती, पण वर्गात ख्रिस्ती मुलं मोजकीच. बाकी आम्ही मराठे, माळी, बौद्ध, मुसलमान, आणि दिवाळीनंतर कारखाना पेटला की बीडकडच्या ऊसतोडवाल्यांची पोरं. ती पट्टा पडेपर्यंतच, म्हणजे गाळप संपेपर्यंतच असायची. बाई त्यांना आधी बाकावर बसवायच्या, दाखल्याचं नंतर बघायच्या. बाईंची आजी केडगावला मुक्तिसदनात वाढलेली. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या निराधार मुली आणल्या, त्यांतली एक. "रमाबाई जात विचारत बसल्या असत्या तर मी तुम्हाला शिकवायला नसते," असं बाई म्हणायच्या, आणि लगेच "वह्या काढा."

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात तोडणीवरची एक पोरगी नाचात होती. तिचे आईबाप फडातून तसेच आले, अंगाला पाचटाची कुसळं, आणि कंपाउंडपाशी उभे राहिले. पहिल्या रांगेत पांढरी चादर घातलेल्या खुर्च्या विश्वस्तांसाठी. बाई स्टेजवरून उतरल्या आणि दोघांना हाताला धरून तिथे आणून बसवलं. बाप बसेना. शेवटी टेकला, तोही खुर्चीच्या कडेला, आणि गोणपाटात गुंडाळलेला कोयता पायाशी सरकवला. उशिरा आलेले एक विश्वस्त दुसऱ्या रांगेत बसले. मुख्याध्यापकांचा चेहरा मला अजून दिसतो!

त्यावर बाई काही बोलल्या नाहीत. सोमवारी नीतीच्या तासाला बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचला. सभेत सोन्याची अंगठी घातलेला एक माणूस येतो आणि मळक्या कपड्यातला एक गरीब येतो. पहिल्याला चांगली जागा देता आणि दुसऱ्याला 'तू तिथं उभा राहा' म्हणता, तर तुम्ही भेदभाव केलात, असं याकोब लिहितो. बाईंनी पुस्तक मिटलं. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं, त्याला पट्टी मिळाली.

मी आज सहकारी बँकेत शाखाधिकारी आहे. मोठे ठेवीदार थेट केबिनमध्ये येतात, त्यांना चहा लागतो. निराधार योजनेचे पैसे घ्यायला येणाऱ्या म्हाताऱ्या बाहेर पायरीवर बसायच्या. त्यांच्यासाठी पंख्याखाली खुर्च्या टाकून घेतल्या. मुख्य कार्यालयाने खर्चाचं कारण विचारलं. याकोब कुठल्या रकान्यात लिहायचा?

आता शाळेची इमारत तीन मजली झाली, छान दिसते. पण निमंत्रणासोबत भोजनाचा पास आलाय, त्यावर 'फक्त निमंत्रितांसाठी' असं छापलंय. बाईंनी तो हातात घेऊन काय केलं असतं, ते आपल्या बॅचला सांगायला नको. बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशू यजमानाला सांगतो, मेजवानीला श्रीमंत शेजारी बोलावू नकोस, ते परत तुला बोलावतील; ज्यांना फेड करता येणार नाही त्यांना बोलाव.

कार्यक्रम जानेवारीत आहे. कारखान्यामागे ऊसतोडवाल्यांच्या कोप्या पडलेल्या असतीलच. तिथल्या मंडळींना पंगतीला बोलवा, पोरांसकट, पासाशिवाय. केटररला वाढीव ताटांचा आकडा आधी कळवा आणि त्याचं बिल माझ्या नावावर फाडा.