भाकरीचं ऐकणारं क्रियापद

अमळनेरजवळच्या खेड्यातली माझी तिसरीची मुलं घरी अहिराणी बोलतात. फळ्यावर कर्ता, कर्म, क्रियापद लिहिलं की चेहरे कोरे. काल फळा पुसला आणि विचारलं, "घरी माय काय करते?"

"माय भाकर करस!"

अख्खा तास त्याच वाक्यावर गेला. ते सुधारून घ्यायची घाई मी केली नाही, कारण पदांचा क्रम प्रमाण मराठीतही तोच. आधी क्रियापद शोधलं, मग विचारलं, करणारी कोण? माय. काय करते? भाकर. तीन पोरं तीन शब्द होऊन उभी राहिली. 'करस'ला खाली बसवलं तर सगळी ओरडली, "पुढे काय?"

मग 'दादाने आंबा खाल्ला' आणि 'दादाने भाकर खाल्ली' लिहिलं. खाणारा तोच, मग क्रियापद का बदललं? बराच वेळ शांतता. खिडकीजवळची एक मुलगी हळूच म्हणाली, "ते भाकरीचं ऐकतं, दादाचं नाही."

क्रियापद असं कर्माप्रमाणे बदलतं त्याला कर्मणी प्रयोग म्हणतात, पण ते नाव मी मुद्दाम सांगितलं नाही. तिचं वाक्य मात्र फळ्याच्या कोपऱ्यात तसंच ठेवलंय. उद्या 'पाऊस पडतो' घेणार आहे. त्यात कर्मच नाही, बघू कोण शोधत बसतं.