शनिवारचं जेवण काही केल्या आठवेना

रविवारी रात्री नऊला कोपऱ्यावरच्या नव्या हॉटेलात जेवलो आणि अकराला पोटात मुरडा सुरू झाला. दोनपर्यंत पाच फेऱ्या झाल्या, अंगात ताप भरला. गुन्हेगार कोण, हे माझ्यापुरतं ठरलंच होतं. पहाटे संडासाबाहेर स्टूल टाकून बसलो होतो, तेव्हा त्या हॉटेलवर एक जळजळीत रिव्ह्यूही फोनवर लिहून काढला. पाठवायचा तेवढा राहिला, कारण पुन्हा उठावं लागलं.

सकाळी घराजवळच्या दवाखान्यात गेलो. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिथे पेन चालू झालं. इंजेक्शन, अँटिबायोटिक, जुलाब थांबवायची गोळी. ताप पाहिला नाही, पोटाला हात लावला नाही. दोन मिनिटांत मोकळा! एरवी मला हे आवडलं असतं. त्या दिवशी मात्र कुठेतरी खटकलं. इंजेक्शन न घेताच बाहेर पडलो आणि पुढच्या गल्लीतल्या दवाखान्यात तासभर नंबर लावून बसलो. बाकापासून संडास किती पावलांवर आहे, ते आधी बघून घेतलं.

या डॉक्टरबाईंनी आधी प्रश्नच विचारले. रक्त पडतंय का? शेवटची लघवी कधी झाली? उठल्यावर गरगरतं का? ताप पाहिला, बीपी बघितलं, पोट दाबून पाहिलं. मग म्हणाल्या, "गेल्या तीन दिवसांत काय काय खाल्लंत?"

मी लगेच नव्या हॉटेलचं नाव घेतलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "जेवल्यावर अर्ध्या तासापासून आठ तासांत उलट्या सुरू झाल्या असत्या, तर स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूच्या विषाचा संशय घेतला असता. ते विष अन्न पुन्हा गरम करूनही जात नाही. पण त्यात ताप सहसा येत नाही. तुम्हाला ताप आहे, मुरडा आहे, उलटी एकही नाही. साल्मोनेलासारखा जंतू असेल, तर तो सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही डोकं वर काढतो. दोन तासांत नाही."

म्हणजे रविवारचं जेवण जवळजवळ निर्दोष. मग शुक्रवार? शनिवार? आणि शनिवारी दुपारी मी कुठे जेवलो होतो, ते आठवायला मला पाच मिनिटं लागली. शेवटी फोनमधल्या पैशांच्या मेसेजवरून कळलं. गेली कित्येक वर्षं जिथे डोळे झाकून जेवतो, तेच ठिकाण. तिथलं अन्न दुपारभर उघड्या पातेल्यात कोमट पडून असतं, हेही तेव्हाच आठवलं. जंतू वाढतात ते साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे, असं बाई सांगत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे ते पातेलं होतं. अर्थात हाही पुरावा नव्हेच. घरातलंही काही असू शकतं, असं त्यांनी बजावलं.

अँटिबायोटिक त्यांनी दिलं नाही. तापात जुलाब थांबवायची गोळी घ्यायची नाही, असं निक्षून सांगितलं. रक्त दिसलं किंवा तीन दिवसांत उतार पडला नाही, तर शौचाची तपासणी करू म्हणाल्या. औषध काय, तर ओआरएस.

"ते रात्रीपासून घेतोय," मी जरा ऐटीत म्हटलं.

"कसं?" हा प्रश्न मात्र औषधं देणाऱ्या कंपाउंडरने विचारला.

"पेल्यात दोन चमचे पावडर टाकून."

त्याने पुडी उलटी करून माझ्यासमोर धरली आणि एका ओळीवर नख टेकवलं. अख्खी पुडी, एक लिटर पाण्यात. मी रात्रभर अंदाजपंचे भलतंच खारट पाणी पीत होतो. दाट केलं की जास्त गुण येतो, असा माझा समज! उलट त्याने जुलाब वाढू शकतात. आणि केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्यायचं, हेही त्याच पुडीवर छापलेलं होतं. इतक्या वर्षांत मी पुडी कधी उलटी केलीच नव्हती.

बुधवारपर्यंत पोट ठिकाणावर आलं. रिव्ह्यू पुसून टाकला.

पुढच्या आठवड्यात नेहमीच्या ठिकाणी गेलो, तर गल्ल्यावरच्या काकांनी विचारलं, "दिसला नाहीत बरेच दिवस?"

"पोट बिघडलं होतं, काका."

"बाहेर कुठेतरी खाल्लं असेल," काका म्हणाले आणि पातेल्यात डाव घातला.