पाहुणा काय बोलला

सोलापुरात परदेशी माणूस म्हटलं की लोकांना चिनी शिष्टमंडळ आठवतं. ती मंडळी येतात, भैय्या चौकात डॉ. कोटणीसांच्या स्मारकात फुलं वाहतात, फोटो काढतात आणि जातात. आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत येणारे परदेशी वेगळे. ते माग बसवायला येतात. युरोपातून रॅपियर, म्हणजे बिनधोट्याच्या, मागाचे पेटारे उतरले की मागोमाग ते जोडणारा माणूस येतो, काही आठवडे लॉजवर राहतो, दहीभात आणि केळ्यांवर दिवस काढतो, माग चालू करून देतो आणि जातो. मी मेंटेनन्स बघतो, म्हणून असा माणूस आला की त्याला सांभाळायचं काम आपोआप माझ्याकडे.

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची. त्या खेपेचा बेल्जियमचा होता. पन्नाशी उलटलेला, मनगटं जाड, बोलणं कमी. टॉवेलच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम असतात, एक तळाच्या ताण्याचा आणि एक लूपच्या ताण्याचा. लूपच्या बीमचा ताण जरा इकडेतिकडे झाला की टॉवेल खरूज झाल्यासारखा दिसतो. हा गडी कापड डोळ्यांनी बघायचाच नाही. डोळे मिटून उलट्या बाजूनं बोटं फिरवायचा आणि पान्यानं एक आटा इकडे, अर्धा आटा तिकडे. आमचे जॉबर, म्हणजे माग जुळवणारे, मामा, ज्यांची हयात मागावर गेली, त्यांनी दुसऱ्याच दिवशी त्याला पास केलं.

नावं ठेवण्यात मात्र तो मागे नव्हता. वीज गेली की हात वर करायचा. रस्त्याच्या धुळीबद्दल बोलायचा. लॉजवर पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि तेवढ्यासाठी गच्चीवर एवढ्या टाक्या का, हे त्याला पटतच नव्हतं. उजनी धरण भरलेलं असतानाही शहराला पाणी पुरत नाही, हे मी सांगितल्यावर त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच पाइपलाइन फोडली. ह्या कशाचाच कुणाला राग आला नाही. उलट आमच्या लोकांनी भर घातली. एकानं नळाची तक्रार केली, दुसऱ्यानं ड्रेनेजची, तिसरा महापालिकेवर घसरला. त्याला वाटलं असणार, हे शहर फारच मोकळ्या मनाचं आहे.

खंडेनवमीला नव्या मागांची पूजा ठेवली होती. मालकांनी पाहुणे बोलावले होते, इतर कारखानदार, एक स्थानिक पुढारी, दोन-चार पत्रकार. सकाळी पोरांनी मागांना झेंडूच्या माळा घातल्या. बेल्जियमवाला धावत आला, पण त्यानं स्वतः माळेला हात लावला नाही. माझ्यामार्फत विचारलं, ही माळ फणीवरून काढून बाजूच्या फ्रेमला बांधली तर देवाला चालेल का? पाकळ्या फणीत गेल्या तर पहिल्याच दिवशी ताणा तुटेल. भटजींनी चालेल म्हटल्यावरच माळ हलली. हे मुद्दाम सांगतो, कारण दुपारनंतर ‘ह्या लोकांना आपल्या रीतिभाती कळत नाहीत’ हे वाक्य मी बऱ्याच तोंडून ऐकलं.

नारळ फुटला, पेढे वाटले, भाषणं झाली. शेवटी मालकांनी कौतुकानं माइक त्याच्याकडे दिला. सोलापूर कसं वाटलं, दोन शब्द बोला. अशा वेळी पाहुण्यानं काय बोलायचं हे ठरलेलं असतं. माणसं प्रेमळ, जेवण तिखट, टॉवेल जगात एक नंबर. त्यानं हे सगळं बोलून घेतलं, शेंगा चटणीचं नावसुद्धा घेतलं आणि टाळ्या मिळवल्या. मग थांबून म्हणाला, “पलीकडच्या जुन्या शेडमध्ये मी आवाज मोजला. शंभर डेसिबलच्या जवळ आहे. आमच्याकडे 85 ला कानाला संरक्षण सक्तीचं असतं. तिथली माणसं बहिरी होतायत आणि इथल्या प्रत्येकाला ते माहीत आहे. तुम्ही चांगली माणसं आहात. पण चांगल्या माणसांनी हे चालू द्यायला नको.”

मराठीत सांगायचं काम माझ्याकडे होतं. मी सगळं सांगितलं. नोकरदार माणसानं मधलं गाळायला हवं होतं, असं मालकांचं नंतर म्हणणं पडलं.

मंडपात एकदम सन्नाटा. फक्त पहिल्या रांगेत बसलेले आमचे मामा हसून टाळ्या वाजवत होते. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. पाहुणा बोलायचा थांबला म्हणजे भाषण संपलं, एवढंच त्यांनी धरलं. टाळ्या एकट्याच्याच वाजतायत हे लक्षात आल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, “काय बोल्ला बे?” मी म्हटलं, नंतर सांगतो. तेही त्यांना ऐकू गेलं नाही.

मामांचं कुटुंब मूळचं तेलंगणातलं, पद्मशाली. सोलापूरच्या पूर्व भागात अशी हजारो घरं आहेत, पिढ्यान् पिढ्या मागावर. तिथं नवराबायको शेजारी बसून ओरडून बोलतात आणि कुणाला भांडण वाटत नाही. शेडमध्ये बोलणं असतंच कुठं? बीम संपत आला, कांडी भर, चहा आला, सगळं हातवाऱ्यांवर. ओठ बघून बोलणं ओळखायची सवय अशी लागते की घरी पाठमोरी सून काही म्हणाली तर सासऱ्याला पत्ता नसतो. आधी जातात ते बारीक, उंच आवाज. घंटी, चिमणी, लहान पोरांचं बोलणं. जाड आवाज बराच काळ ऐकू येत राहतात, म्हणून माणूस म्हणतो मला काही झालेलं नाही.

आणि पाहुणा काही परक्या देशाचा नियम लादत नव्हता. 1948 च्या कारखाना कायद्यात जे धंद्याचे आजार कळवणं बंधनकारक होतं, त्या यादीत आवाजानं येणारा बहिरेपणा होताच. आठ तासांना 90 डेसिबल ही आपलीच मर्यादा. ती किती शेडमध्ये कुणी मोजली, हा प्रश्न आपणच आपल्याला विचारायचा होता. विचारला त्यानं.

पुढारी आधी बोलला. कोटणीसांचं नाव निघणार हे मला माहीतच होतं. “आमचे डॉक्टर चीनमध्ये गेले, जीव दिला, पण त्या देशाला कधी नावं ठेवली नाहीत.” कोटणीस 1938 मध्ये गेले आणि 9 डिसेंबर 1942 ला तिथंच वारले, वय अवघं 32. युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया करत फिरणाऱ्या त्या माणसाला तिथल्या व्यवस्थेत काहीच खटकलं नसेल, हे पुढाऱ्याला कुणी सांगितलं कोण जाणे. आणि परक्यानं तोंड उघडूच नये हा आपला नियम असेल, तर मुंबईत हॉर्निमन सर्कल कशाला आहे? बेंजामिन हॉर्निमन इंग्रज होता, ‘बॉम्बे क्रॉनिकल’चा संपादक. पंजाबातल्या अत्याचारांवर त्यानं सरकारला झोडपलं आणि एप्रिल 1919 मध्ये त्याला बोटीत घालून इंग्लंडला पाठवलं. परका आपल्या बाजूनं बोलला की आपण चौकाला त्याचं नाव देतो. आपल्याविरुद्ध बोलला की त्याला विमानाचं तिकीट दाखवतो.

त्या दिवशी मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. पाण्यावर, रस्त्यावर, विजेवर तो कितीही बोलला असता तरी त्याला माफ होतं, कारण ते सगळं सरकारचं पाप. आवाज मात्र आमचा होता. मालकाचा, पगारासाठी गप्प बसणाऱ्या माझ्यासारख्याचा, ‘आमच्या बापालाही ऐकू येत नव्हतं, त्यात काय एवढं’ म्हणणाऱ्या कामगाराचा. पाहुण्यानं सरकारला शिव्या दिल्या की आपण त्याला आपल्यातला समजतो. त्यानं घरातल्या माणसांकडे बोट केलं की तो परका.

संध्याकाळपर्यंत भाषणाचा तुकडा फोनाफोनी फिरला. त्यात आवाजाचा मुद्दा कापलेला होता आणि ‘तुम्ही चांगली माणसं’ हेही. वर लिहिलेलं, ‘सोलापूरचं खाऊन सोलापूरची बदनामी’. गेटवर चार पोरं येऊन घोषणा देऊन गेली. मग पोलीस आयुक्तालयातून फोन आला, परदेशी माणसाला घेऊन या, कागदपत्रं आणा. कुणीतरी अर्ज दिला होता.

गाडीत मी त्याला म्हटलं, बोललास ते खरं, पण पूजेच्या मांडवात बोलायचं नाही रे. आधी मालकांना बाजूला घेऊन सांगायचं. तो म्हणाला, “सांगितलं ना. केबिनमध्ये. आल्या आल्या, आणि परत गेल्या आठवड्यात. ते म्हणाले, बघू.” ‘बघू’ हा शब्द त्यानं मराठीतच उच्चारला. चार भिंतींत सांगायचं ते सांगून झालं होतं. माझ्याकडे पुढचा सल्ला नव्हता. तरी पूजेचा दिवस टाळायला हवा होता असं मला अजून वाटतं. त्या दिवशी मालकाची बायको, म्हातारी आई, व्याही समोर बसलेले असतात. माणूस चूक कबूल करायच्या मनःस्थितीत नसतो, तोंड वाचवायच्या असतो.

विदेशी नोंदणीच्या टेबलावरचे साहेब शांत होते. पासपोर्ट पाहिला, कामाचा व्हिसा पाहिला, लॉजवाल्यानं चोवीस तासांत परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा सी फॉर्म भरला होता तो पडताळला. मग मला म्हणाले, “ह्यांना सांगा, राज्यघटनेतलं कलम 19, भाषणस्वातंत्र्याचं, ते भारतीय नागरिकांसाठी आहे. ह्यांना नाही.” मी सांगितलं. बेल्जियमवाल्याचा चेहरा उतरला. साहेब पुढे म्हणाले, “पण 14 आणि 21 कोणत्याही व्यक्तीला आहेत. समानता आणि जीविताचं संरक्षण. म्हणजे उद्या गेटवर कुणी ह्यांच्या अंगाला हात लावला, तर ते माझं काम. आज हे काय बोलले, त्यात मला गुन्हा दिसत नाही. अर्ज आलाय म्हणून जबाब लिहून घेतो.” माझा आतेभाऊ दुबईत आहे. तिथल्या सरकारबद्दल तो फोनवरसुद्धा ब्र काढत नाही, आपण विषय काढला तर हवामानावर येतो. तिथं अशा भाषणानंतर बेल्जियमवाला इतक्या स्वस्तात सुटला नसता, हे मला त्या खुर्चीत बसून जाणवलं.

जबाबात त्यानं आवाजाचे आकडे लिहिले. साहेबांनी वाचून विचारलं, “मग कानात बोळे घालायला काय होतं लोकांना?” हा प्रश्न त्यालाही होता. उत्तर मी दिलं. कारखान्यानं एकदा बोळे वाटले होते. ते खिशात राहिले. जुन्या मागावर विणकर कानानं काम करतो. धोट्याचा ठोका बदलला की काहीतरी बिघडलंय हे डोळ्यांच्या आधी कानाला कळतं आणि हात दांड्यावर जातो. कान बंद केला तर कापड खराब, आणि खराब कापडाचे पैसे मजुरीतून कापले जातात. बेल्जियमवाला गप्प झाला. नव्या मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबतो, म्हणून हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणाला, हे मला आधी कुणी का सांगितलं नाही? मी म्हटलं, तू आधी विचारलं नाहीस.

परतताना गेटसमोरच्या टपरीवर मामा थांबले होते. रात्रपाळी सुरू व्हायची होती. आता मला सगळं सांगावं लागलं, समोर उभं राहून, ओठ दिसतील असं. मामांना राग येईल अशी माझी अटकळ होती. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, “खरं हाय की. त्यात भांडायचं काय?” मग थोडं थांबून, “पण त्याला इचार, त्याच्या गावात काय वाईट हाय. नुसतं आमचंच सांगून जातो का?”

मी विचारलं. दिवसभरात पहिल्यांदाच तो मोकळा हसला. म्हणाला, आमच्या देशात उत्तरेचे डच बोलतात, दक्षिणेचे फ्रेंच, पूर्वेला थोडे जर्मन, आणि कुणाचं कुणाशी पटत नाही. मामा मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही बोलतात. त्यांनी मान डोलावली. तो पुढे म्हणाला, 2010 ला निवडणूक झाली आणि ह्या भांडणात 541 दिवस सरकारच बनलं नाही. जुनंच मंत्रिमंडळ काळजीवाहू म्हणून दिवस ढकलत होतं. जग आम्हाला हसत होतं.

मामांना आकडा नीट कळला नाही. मी बोटांनी दाखवला, पाच, चार, एक.

“दीड वरीस सरकारच न्हाई?”

“नाही.”

मामांनी बराच विचार केला. “मग नळाला पाणी?”

मी विचारून सांगितलं, “रोज येत होतं म्हणतोय.”

मामांनी ग्लास टपरीवर ठेवला, डबा उचलला आणि शेडकडे निघता निघता म्हणाले, “मग त्याला सांग, ते नसलेलं सरकार इकडं पाठव म्हणावं.”